हिरीचे पाय

आषाढाचे शेवटचे दिवस होते. वलवणच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा हाडांच्या रोगांचं एक धर्मादाय इस्पितळ होतं. दुपारी दोनच्या सुमाराला रतन बधाले त्याच्या बायकांच्या वॉर्डात शिरली. हातात टाचणी, टेप आणि पुठ्ठ्याला लावलेला तक्ता. अकराव्या खाटेवरच्या बाईच्या पायांत किती ताकद आहे ते बघायचं आणि तक्त्यात लिहायचं, एवढंच काम. गेले तीन महिने दर मंगळवारी ती हे काम करत होती आणि दर मंगळवारी एकच आकडा लिहीत होती. शून्य.

बाहेर धुकं इतकं दाट होतं की वॉर्डातले दिवे भर दुपारी लावले होते. ओल्या प्लास्टरचा, फिनेलचा आणि नीट न वाळलेल्या चादरींचा वास कोंडून राहिला होता. वीस खाटांवर वीस बायका निपचित पडलेल्या. कुणाचा पाय वजनाला टांगलेला, कुणी छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये.

रतन नवलाख उंबरे या गावची. वडील कोंडाजी भातशेती करणारे. पोरगी मुंबईला जाऊन फिजिओथेरपी शिकली म्हणजे नेमकं काय शिकली, हे त्यांना कुणाला सांगता येत नसे. ते म्हणत, "मोडल्याली मानसं चालती करती." पदविका झाल्यावर हाडांच्या कामात तयार व्हायचं तर इस्पितळातच राहून वर्षभर शिकावं लागे. इथे १९६७ साली तशी जागा पहिल्यांदाच निघाली आणि ती रतनला मिळाली. राहायला वॉर्डामागची खोली, पहाटेपासून काम, आणि शिकवायला मोठ्या बाई. या बाई विलायतेत शिकून आलेल्या. फारसं बोलत नसत, पण त्यांच्या हातांना सगळं कळे. श्रावणात पुण्या-मुंबईचे डॉक्टर परीक्षा घ्यायला येणार होते. रतनने स्वतः तयार केलेला एक रुग्ण त्यांच्यापुढे उभा करायचा. नापास झाली तर पुढचे सहा महिने नाहीत, सरळ घरी.

अकराव्या खाटेवरची हिरी बावीस वर्षांची, वरच्या ठाकरवाडीतली. मणक्यांना क्षय होऊन कमरेखालचं अंग गेलं होतं. चैत्रात नवरा शिदू तिला पाठीवर घेऊन डोंगर उतरला होता. घरी अडीच वर्षांची चिंगी होती.

"हिरे, गुडघा सरळ करायचा प्रयत्न कर," रतन म्हणाली आणि तिने मांडीवर बोटं टेकवली.

ताकद शून्यापासून पाचापर्यंत मोजतात. पाच म्हणजे धडधाकट. तीन म्हणजे पाय स्वतःचं वजन उचलू शकतो. एक म्हणजे पाय हलत नाही, पण बोटांना आत थरथर कळते. शून्य म्हणजे काही नाही.

रतनच्या बोटांखाली थरथर झाली.

तिने श्वास रोखला. पुन्हा सांगितलं. पुन्हा झाली. मांडीच्या आत खोलवर एखादा मासा अंग वळवून जावा तशी. ती धावत जाऊन मोठ्या बाईंना घेऊन आली. बाईंनी बराच वेळ हात ठेवला, मग काढला.

"शून्य," त्या म्हणाल्या. "कधी कधी आपल्याच बोटांची नाडी आपल्याला लागते. नव्या माणसाला तर फार."

पण पुढच्या मंगळवारी बाईंच्या हातालाही ते लागलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी पाय गादीवर इकडून तिकडे सरकला. बाईंनी चष्मा काढून पुसला. "औषधं लागू पडली. मणक्यावरचा दाब उतरतोय." मग त्यांनी टाचणी घेऊन हिरीच्या तळव्याला टोचली. हिरीला काहीच कळलं नाही. "हे मात्र उलटं आहे," बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "आधी स्पर्श येतो, मग ताकद. सहसा."

रतनला त्या "सहसा"कडे लक्ष द्यायचं नव्हतं. तिला परीक्षेसाठी रुग्ण सापडला होता. ती दिवसातून तीनदा हिरीची कसरत घेऊ लागली. वॉर्डातल्या बायका कौतुकाने बघत. एकटी हिरी बघत नसे. कसरत चालू असली की ती तोंड भिंतीकडे फिरवी.

एका दुपारी रतन आली तेव्हा हिरी गाढ झोपली होती. उठवायचं रतनच्या जिवावर आलं. ती स्टुलावर बसून आदल्या दिवसाचं लिहू लागली आणि लिहिता लिहिता, सवयीने, ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "गुडघा सरळ..."

चादर हलली.

रतनने मान वर केली. हिरीचा उजवा पाय गुडघ्यात ताठ झाला होता. टाच गादीपासून चार बोटं वर, हवेत. पाय तसाच थांबून राहिला होता, पुढच्या हुकमाची वाट बघत असल्यासारखा. आणि हिरी झोपली होती. तोंड किंचित उघडं, श्वास संथ.

"खाली..." रतन म्हणाली.

पाय सावकाश खाली टेकला.

त्याच क्षणी हिरीने डोळे उघडले. ती कधी जागी झाली होती कोण जाणे. तिने रतनचं मनगट धरलं. हात घामाने ओला होता.

"म्या न्हाई हालवला, बाई," ती कुजबुजली. "म्या कंदीच न्हाई हालवला. तुमी सांगता आन् त्ये हालत्यात. माजं ऐकत न्हाईत. म्या लय सांगून बगते, थांबा म्हनते... त्ये पाय माजं न्हाईत."

"अगं, खूप दिवस पडून राहिलं की असं वाटतं माणसाला."

"मंग टाचनी का लागत न्हाई मला?"

रतनने टाचणी पुठ्ठ्याला खोचून ठेवली.

त्या संध्याकाळी चहाच्या वेळी तिने भागूबाईला गाठलं. भागूबाई वॉर्डातली जुनी आया, बारा वर्षं तिथेच. रतनने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, अकराव्या खाटेवर आधी कोण होतं?"

भागूबाईने कप खाली ठेवला. हात पदराला पुसले.

"कस्तुराबाई," ती म्हणाली. "हितल्याच वलवणची. मांडीचं हाड मोडलं हुतं. वरीसभर पडून हुती. मालक बजरंग, यक कोस लांब ऱ्हातो, पर पयल्या दोन म्हयन्यांनंतर फिरकला न्हाई. त्यानं दुसरी आनली म्हून आमाला कळलं. तिला कुनी सांगितलं न्हाई. ती आपली कसरत करायची. येवडी कसरत कुनी केल्याली म्या बगितली न्हाई. म्हनायची, चालत घरी जाईन, कुनाच्या खांद्यावरून न्हाई."

"मग?"

"चालाया लागली की. खोलीभर चालली. दुसऱ्या दिशी घरी सोडनार हुते. लुगडं नेसून खाटंवर बसली, खिडकीतनं रस्त्याकडं बगत. दुपारी च्या द्यायला गेले तर तशीच बसल्याली... पर गेल्याली." भागूबाईने आवाज आणखी खाली आणला. "पाय खाली सोडून बसली हुती, बाई. आमाला त्ये सरळ करता आलं न्हाईत. गुडघ्यात वाकल्यालं, उठायच्या बेतात असल्यासारकं. तसंच न्येलं तिला."

रतनने ऐकून घेतलं. ती शेतकऱ्याची पोर होती, असल्या गोष्टी ऐकतच मोठी झाली होती, आणि असल्या गोष्टींतून बाहेर पडावं म्हणूनच मुंबईला गेली होती. तिने मनाशी ठरवलं की वॉर्डातल्या बायकांनी हे हिरीच्या कानावर घातलं असणार, आणि आजारी मनाने ते धरून ठेवलं असणार. परीक्षेला पाच दिवस राहिले होते.

रविवारी शिदू आला. रतनने त्याला सांगितलं की हिरी उभी राहील, चालेलही. तो एवढा मोठा गडी, पण भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडला. म्हणाला, "चिंगी रोज दारात बसती, बाई. आई कुटंय, आई कुटंय." हिरी त्याच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याच्या तोंडावरचा आनंद बघून तिने ओठ मिटले. तो गेल्यावर मात्र तिने रतनचा पदर धरला.

"बाई, तुमच्या पाया पडते. त्यास्नी चालाया शिकवू नगा. मला बी जायचंय वो घरी, माज्या लेकराकडं. पर ह्ये मला तितं न्येनार न्हाईत. ह्ये दुसरीकडंच..."

"हिरे, एकदा परीक्षा होऊ दे. मग आपण बघू."

पुढे आयुष्यभर रतनला स्वतःचं हे वाक्य आठवत राहिलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून धुकं उठलंच नाही. दुपारी चार वाजता कसरतीच्या खोलीत पाहुणे डॉक्टर खुर्च्या टाकून बसले. मधोमध दोन लाकडी दांडे, कमरेएवढ्या उंचीचे, धरून चालायला. मोठ्या बाई भिंतीशी उभ्या. रतनने सगळी माहिती न अडखळता सांगितली. मग भागूबाईने आणि तिने मिळून हिरीला चाकाच्या खुर्चीतून उठवलं. पाठीला चामड्याचा पट्टा होता. हिरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दांडे घट्ट धर," रतन म्हणाली. "उजवा पाय पुढे."

उजवा पाय पुढे पडला. डावा पडला. पाऊल एवढं नेटकं, टाच आधी आणि बोटं मग, की एका डॉक्टरने "वा!" म्हटलं. हिरी दांड्यांच्या टोकाला पोचली.

"थांब. आता वळ."

पाय थांबले नाहीत.

हिरीचे हात दांड्यांवरून सुटले. तिचं वरचं अंग मागे ओढ घेत होतं, हात हवेत काहीतरी धरायला बघत होते, आणि कमरेखाली पाय शांतपणे, घाई न करता दाराकडे चालले होते. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

"बाई!" हिरी ओरडली. "बाई, धरा मला! धरा..."

रतन धावली. ओसरीवर तिने हिरीला काखेत हात घालून धरलं आणि मागे ओढलं. ते पाय तिला घेऊन पुढे गेले. कसरत देणाऱ्या माणसाच्या हातांना ताकद कळते. रतनला कळलं की ही ताकद पाचाची नाही. पाचाच्या पुढे आकडाच नाही.

तिने ओढायचं सोडलं आणि आधार द्यायला लागली. नाहीतर हिरीची पाठ मोडली असती. तशा त्या दोघी फाटकाबाहेर पडल्या. मागून हाका येत होत्या, मग त्या धुक्यात विरल्या. दोन हातांवरचं दिसत नव्हतं. ओल्या रस्त्यावर फक्त चार पावलांचा आवाज. रतनचे स्वतःचे पाय चिखलात घसरत होते. हिरीचे एकसारखे पडत होते. खड्डा आला की आधीच बाजूला होत होते. फाटा आला तिथे क्षणभरही न घुटमळता वलवण गावाकडे वळले.

"माजी वाडी वरल्या अंगाला हाय, बाई," हिरी हुंदके देत म्हणाली. "हिकडं न्हाई... हिकडं न्हाई..."

"मी आहे तुझ्याजवळ. सोडणार नाही तुला." एवढंच रतनला म्हणता आलं.

गावातलं तिसरं घर. दारात धुराचा वास. पायरीच्या दगडाशी ते पाय प्रथमच थांबले. डावा तळवा दगडावर दोनदा घासला, मग उजवा. मातीने भरलेले पाय घरात न्यायचे नाहीत, म्हणून बाईमाणूस पुसतं तसे. हिरीच्या तळव्याचं कातडं सोलून रक्त आलं होतं, पण तिला ते कळत नव्हतं.

आत एक माणूस जेवायला बसला होता आणि त्याची बायको चुलीपुढे भाकरी थापत होती. त्या माणसाने वर बघितलं. त्याची नजर हिरीच्या तोंडाकडे गेलीच नाही. ती तिच्या पायांवर खिळली. हातातला घास ताटात पडला.

"शालू, ऊठ तितनं," तो बायकोला म्हणाला. "ऊठ म्हनतो ना. चुलीपासनं ऊठ..."

शालूबाई उठून भिंतीला चिकटली. पाय आत गेले. चुलीपुढच्या पाटाशी आले, वळले आणि मांडी घालून बसले. हिरीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ती दोन्ही हातांनी रतनला धरून होती. तव्यावरची भाकरी करपू लागली.

"म्या आनायला येनार हुतो," बजरंग म्हणाला. तो जमिनीकडे बघून बोलत होता. "भाताची कामं निगाली... मंग लोक म्हनले, आता ती काय उटत न्हाई... कस्तुरा, म्या येनार हुतो गं..."

चुलीतलं लाकूड फुटलं. हिरीची मांडी सैल पडली, एक गुडघा बाजूला कलंडला.

रतन तिथेच खाली बसली. तिने मांडीवर बोटं टेकवली आणि, दुसरं काही सुचेना म्हणून, नेहमीचा हुकूम दिला. तीनदा दिला. बोटांखाली काहीच नव्हतं.

"गेली," हिरी म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज मोकळा होता. "रिकामं झालं, बाई. माजं पाय रिकामं झालं."

इस्पितळाच्या माणसांनी तिला खाटेवर घालून परत नेलं. पाहुण्या डॉक्टरांनी चर्चा करून लिहिलं की हा मनाचा आजार, असल्या अवस्थेत माणसाच्या अंगी अचाट बळ येतं. रतनला त्यांनी चांगल्या गुणांनी पास केलं. रात्री मोठ्या बाई रतनच्या खोलीत आल्या, दारातच उभ्या राहिल्या.

"ती नको म्हणत होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कितीदा?"

रतनने सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि त्या निघून गेल्या. त्या दिवसापासून रतन रुग्णाच्या अंगाला हात लावण्याआधी विचारू लागली, आणि नाही म्हटलं तर हात मागे घेऊ लागली. पण हिरीच्या डोळ्यांना डोळा द्यायला तिला पुष्कळ दिवस जमलं नाही. रोज सकाळी ती तिच्या तळव्यांच्या जखमा धुई, पट्टी बदली आणि मुकाट्याने जाई. मंगळवारी तक्त्यात शून्य लिही.

नवरात्र उलटल्यावर एके सकाळी पट्टी सोडताना हिरी किंचाळली. सगळा वॉर्ड उठून बसला.

"टोचलं!" ती ओरडत होती. "बाई, दुखतंय! लय दुखतंय!" आणि हसत होती. रतनने तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि ती तिथेच रडली.

आधी स्पर्श आला, मग ताकद. ती चोरपावलांनी आली, कधी आली, कधी आठवडाभर आलीच नाही. हिरीची पावलं वाकडी पडत, ती धडपडे, शिव्या घाली. मार्गशीर्षात शिदू तिला न्यायला आला तेव्हा ती दोन काठ्यांवर चालत होती, खूप हळू. डावा पाय ओढतच राहिला. फाटकापाशी ती मागे वळली नाही. रतनला त्यात काही गैर वाटलं नाही.

पौषात रतनचं वर्ष संपलं. ट्रंक टांग्यातून लोणावळा स्टेशनावर पुढे पाठवून ती वलवणला गेली. त्या घरी जाऊन काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. बजरंगला दोष द्यावा एवढी ती स्वतः स्वच्छ नव्हती. कदाचित नुसतं उभं राहायचं होतं.

दाराला कुलूप होतं. शेजारचा मारुती भाताचा पेंढा रचत होता. तो म्हणाला, "बजरंग? दसऱ्यालाच गेला की. शालू हितं ऱ्हायना झाली. तिच्या म्हायेरी ऱ्हात्यात आता. गुरं बी न्येली. घराकडं कुनी जात न्हाई, आमी बी न्हाई."

रतन कुंपणाशी थांबली. दुपारचं ऊन होतं, वारा पडलेला. कुलपावर गंज चढला होता, कडीला कोळ्याचं जाळं होतं.

अंगण नुकतंच सारवलेलं होतं. शेण ओलं होतं, उन्हात चमकत होतं. त्यावर बोटांच्या कमानी एकीशेजारी एक, नीट ओढलेल्या. रतनने लहानपणापासून अंगण सारवलं होतं. बाई दारापासून सुरुवात करते आणि मागे सरकत कुंपणाकडे बाहेर पडते, म्हणजे सारवलेल्यावर आपलाच पाय पडत नाही. इथल्या कमानी कुंपणापासून सुरू झाल्या होत्या. त्या मागे सरकत सरकत पायरीपर्यंत गेल्या होत्या, पायरी चढल्या होत्या, आणि शेवटची कमान कुलूपबंद दाराच्या खालून अर्धी आत गेली होती.